मोठा हॉर्न लावला, चार महिन्यांत गप्प झाला: दोष कुठे शोधायचा

पावसाळा लागला की आमच्या रायडिंग ग्रुपात एकच तक्रार फिरते. "दादा, हॉर्न गेला." मे महिन्यात हौसेनं लावलेला डबल हॉर्न पहिले काही आठवडे वडखळ नाक्यावरचा ट्रकवाला दचकेल असा वाजतो. जुलैत त्याचा घसा बसतो. आणि गणपतीला कोकणात निघायच्या आदल्या रात्री बटण दाबलं की नुसतं 'टक्'. मग दुकानात धाव, नवा हॉर्न, पुन्हा हजार-दीड हजाराची फोडणी, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

माझ्या ४०० सीसीच्या मोटरसायकलवर हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी 'मेलेला' हॉर्न भंगारात टाकण्याआधी मी तो पार्किंगमध्येच दोन वायरींनी थेट बॅटरीला लावून पाहिला. असा ओरडला की पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. हॉर्न ठणठणीत होता. आधीचे दोनही ठणठणीतच असणार, पण ते केव्हाच भंगारवाल्याच्या गोणीत गेले होते.

म्हणून तुमचा हॉर्न बंद पडला असेल तर पाना-पक्कड काढण्याआधी एवढंच करा. हॉर्नच्या दोन्ही पिना मोकळ्या करा, जरा जाड दोन वायरी घ्या आणि थेट बॅटरीवर एक सेकंद वाजवून बघा. खणखणीत वाजला तर नवा हॉर्न घेऊ नका. दोष वाटेत आहे, आणि ही वाट दोन प्रकारे बिघडते: करंट नीट पोचत नाही, किंवा पाणी नको तिथे पोचतं. मुंबईत दोन्ही एकदम होतं.

आधी थोडा हिशेब. गाडीसोबत येणारा चपटा हॉर्न साधारण २ ते ३ अँपिअर घेतो. कंपनीनं हँडलचं बटण, आतली वायर आणि फ्यूज तेवढ्यासाठीच दिलेला असतो. बाजारातला गोगलगायीच्या आकाराचा विंडटोन हॉर्न बहुधा ५५ वॅटचा असतो. जोडी लावली की ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या आसपास. तिपटीहून जास्त. दुकानातला पोरगा मात्र जुन्या हॉर्नच्या पिना उपटून नव्याला लावतो, दोनदा वाजवून दाखवतो आणि पैसे घेतो. माझ्याही गाडीवर पहिल्यांदा हेच झालं होतं. दुकान कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी दुकानं शंभर आहेत.

वाजला म्हणजे बरोबर बसला असं नाही. त्या दिवशी मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते आणि बटण दाबलेलं असताना हॉर्नच्या पिनांवर १०.६. मधले १.८ व्होल्ट वाटेत खर्च. गणित सोपं आहे: अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०३५ ओहम अडवते. जाऊन-येऊन ४ मीटर धरले तर ०.१४ ओहम, आणि ९ अँपिअरला सव्वा व्होल्ट तिथेच गेला. उरलेलं बटणाच्या काळ्या पडलेल्या पॉइंटांनी (करंट जोडणाऱ्या आतल्या टोकांनी) आणि सांध्यांनी खाल्लं. जे व्होल्ट हॉर्नला मिळत नाहीत ते बटणात आणि सांध्यात उष्णता होऊन बसतात. तिथलं प्लास्टिक मऊ होतं, पॉइंट आणखी जळतात, पुढच्या महिन्यात व्होल्टेज आणखी पडतं. 'हळूहळू आवाज कमी होत गेला' ही तक्रार म्हणजे हेच.

यावर काही जण भलताच उपाय करतात. फ्यूज उडतो म्हणून १० च्या जागी २० चा टाकतात. कृपा करून हे करू नका. फ्यूज हॉर्नला नाही, वायरीला वाचवायला असतो. जाडा फ्यूज टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी टाकीखालचा हार्नेस (वायरींचा जुडगा) जळतो, आणि त्याचं बिल हॉर्नच्या दहापट येतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत हॉर्न, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर एकाच फ्यूजवर असतात. हॉर्न गेला की आधी मागे जाऊन ब्रेक लाइट लागतो का ते बघा. लागत नसेल तर तुम्ही कळंबोलीपासून कंटेनरच्या पुढे ब्रेक लाइटविना आला आहात.

खरा उपाय रिले, म्हणजे छोट्या करंटनं चालणारा मोठ्या करंटचा स्विच. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण निम्म्या तक्रारी रिले चुकीचा लावल्यामुळेच येतात, म्हणून न सोडलेलं बरं. बटण फक्त रिलेच्या कॉइलला (आतल्या तारेच्या वेटोळ्याला) चालवतं, जिला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. मोठा करंट बॅटरीतून जाड वायरीनं थेट हॉर्नला जातो. १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा साधा चौकोनी रिले लॅमिंग्टन रोडला, ऑपेरा हाऊसच्या पार्टवाल्यांकडे किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुठेही मिळतो. खालच्या सॉकेटसकट घ्या. पिनांवर नंबर कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचा प्लस, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, आणि हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच. ८७ वरून हॉर्नकडे. ८५ आणि ८६ ही कॉइल. पाच पिनी रिले असेल तर मधली ८७ए मोकळी सोडा. हॉर्न चुकून तिथे जोडला तर बॅटरी जोडताक्षणी बोंबलायला लागतो आणि बटण दाबल्यावर थांबतो. हसू नका, मी हे करून बसलोय.

आता ८५-८६ चा घोळ. कारचं चित्र बघून लोक ८५ चेसिसला अर्थ करतात आणि ८६ ला हॉर्नची 'करंटवाली' वायर देतात. पण पुष्कळ मोटरसायकलींमध्ये बटण अर्थच्या बाजूला असतं. चावी फिरवली की हॉर्नच्या एका वायरीत कायम १२ व्होल्ट असतात आणि बटण दुसरी वायर अर्थला जोडतं. तिथे कारचं चित्र वापरलं की चावी लावताच हॉर्न सुरू, नाहीतर कधीच नाही. तुमची गाडी कुठल्या जातीची आहे याचा शोध घ्यायचीही गरज नाही. मूळ हॉर्नला येणाऱ्या दोन्ही वायरी सरळ ८५ आणि ८६ ला लावा, चेसिसच्या भानगडीत पडू नका. साध्या कॉइलला प्लस-मायनस नसतं, दोन्ही प्रकारच्या गाड्यांत हे चालतं. फक्त रिलेच्या अंगावरच्या चित्रात डायोडचा बाण असेल तर मात्र प्लस त्यात दाखवलेल्या पिनेलाच. आणि वायर कापू नका. हॉर्नच्या पिनेएवढ्या रुंदीची थिंबल (वायरीच्या टोकाला चेपायची धातूची पिन) मिळते, ती मूळ सॉकेटात घुसवा, म्हणजे वॉरंटीच्या वेळी सगळं उपटून जुना हॉर्न परत लावता येतो.

हॉर्नची मायनस थेट बॅटरीच्या मायनसला न्या. फ्रेमच्या बोल्टला देऊ नका. फ्रेमवर पावडर कोटिंग असतं, बोल्टखाली दोन थेंब खारट पाणी गेलं की अर्थ अर्धवट होतो. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, आणि विकत घेताना टोक पात्यानं खरवडून बघा. वरून तांबडी आणि आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तसंच परत द्या. हे सगळं केल्यावर माझ्या गाडीत वाटेत फक्त ०.३ व्होल्ट पडू लागले. हॉर्न तोच, आवाज मात्र नवाच.

एवढं करूनही फ्यूज उडत राहिला, ही मात्र माझी खरी डोकेदुखी. महिन्यात तीन फ्यूज. हायवेला कधी नाही, शहरातही नाही. मी हॉर्नला शिव्या दिल्या, रिले बदलला, फ्यूजचा होल्डर बदलला. शेवटी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचे वॉचमनकाका म्हणाले, "तुमचा हॉर्न बरोबर इथंच बंद पडतो बघा. अर्धा 'पों' ऐकू येतो, मग काहीच नाही."

इथंच म्हणजे पार्किंगच्या उतारावर. तिथे आंधळं डावं वळण आहे. हँडल पूर्ण डावीकडे जातं आणि समोरून कुणी येईल म्हणून त्याच वेळी हॉर्न दाबला जातो. टाकी उचलली तेव्हा सगळा उलगडा झाला. ८७ वरून पुढे जाणारी वायर मी स्टिअरिंगच्या मानेजवळून नेली होती, आणि हँडल लॉकपर्यंत गेलं की लॉकचा स्टॉपर तिला फ्रेमवर चिमटीत धरत होता. वरचं प्लास्टिक कापून तांबं उघडं पडलेलं. ८७ च्या पुढे करंट फक्त बटण दाबल्यावरच असतो. म्हणजे नुसतं हँडल वळवलं तर काही होणार नाही, सरळ रस्त्यावर कितीही हॉर्न मारला तरी काही होणार नाही, दोन्ही एकदम झालं तरच शॉर्ट. तो योग दिवसभरात एकाच ठिकाणी येत होता.

तेव्हा फ्यूज उडत असेल तर 'किती वेळा' यापेक्षा 'कुठे' हे लिहून ठेवा. आणि वायर ओढून झाल्यावर टाकी बसवण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत नेऊन, प्रत्येक टोकाला हॉर्न वाजवून बघा. वायरीवर काळा कोरुगेटेड पाइप चढवा, मानेजवळ थोडा सैल घोळ ठेवा, झिप टाय अगदी आवळू नका.

आता पाणी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी वरून कमी आणि खालून जास्त येतं, पुढच्या चाकाच्या फवाऱ्यातून. गोगलगाय हॉर्नचं तोंड वर किंवा सरळ पुढे असेल तर तो भांड्यासारखा भरतो. गुळण्या केल्यासारखा आवाज आला तर हेच. तोंड खाली आणि किंचित मागे ठेवा. भरलाच असेल तर गाडी थांबवून, दाबून न धरता, छोटे छोटे 'पों पों' करा. पाणी उडून जातं. पण आत रोज थोडं थोडं जात राहिलं तर पडदा गंजतो, आणि तो हॉर्न मात्र खरंच मेलेला असतो. हॉर्न सोबत येणाऱ्या पट्टीवरच बसवा. ती पट्टी हलती असते ते मुद्दाम. हॉर्नची कड क्रॅश गार्डला किंवा फेअरिंगला टेकली की आवाज फाटतो, आणि लोक तेवढ्यावरून नवा हॉर्न घेतात.

सांध्यांचं म्हणाल तर काळा इन्सुलेशन टेप हा पावसाचा मित्र आहे. उन्हात त्याचा गोंद पाघळतो, मग तो पाणी आत घेतो आणि बाहेर सोडत नाही. दोन महिन्यांनी उघडा, आत हिरवट कीट. थिंबल पक्कडीनं चेपू नका, क्रिंपिंग टूलनं दाबा, वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. सोल्डरिंगची मला आवड आहे, पण गाडीवर मी ते टाळतो. सोल्डर वायरीत जिथपर्यंत चढतं तिथे ती ताठ होते आणि बरोबर त्याच कडेला, थरथरीनं, तुटते. रिले सॉकेटच्या पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पाणी त्यात साठत नाही.

हॉर्नच्या पाठीमागच्या स्क्रूबद्दल लगेच सांगून टाकतो, कारण गॅरेजमध्ये पहिला हात तिथेच जातो. तो आवाज वाढवायचा नाही. आतला पॉइंट कधी उघडायचा ते तो ठरवतो. आधी वायरिंग तपासा. ते चोख असूनही घोगरा वाजत असेल तरच, मूळ जागेवर खूण करून, पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा. जास्त पिळला की पॉइंट उघडतच नाही. मग हॉर्न 'टक्' करून गप्प बसतो, करंट खात राहतो, तापतो आणि जळतो.

'टक्' होतं पण वाजत नाही, या प्रसिद्ध तक्रारीकडे येऊ. रिलेवर बोट ठेवून बटण दाबा. टक् बोटाला जाणवला म्हणजे बटण, मूळ फ्यूज आणि कॉइल तिन्ही ठीक. मग मीटर ३० नंबर पिनेवर. तिथे बॅटरीएवढे व्होल्ट नसतील तर नवा फ्यूज किंवा त्याचा होल्डर. असतील तर बटण दाबून ८७ वर बघा. तिथे नाही आले तर रिलेचे पॉइंट गेले. तिथेही आले तर हॉर्नच्या पिनेवर, आणि तिथेही असतील तर हॉर्नची मायनस. मायनस तपासताना मीटरची एक काडी हॉर्नच्या मायनसवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर, आणि बटण दाबा. शून्याजवळ यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की सांधा उघडा. टक् जाणवलाच नाही तर नव्या वायरिंगकडे बघूच नका; दोष जुन्या बाजूला आहे, बहुतेक वेळा हँडलच्या बटणात पावसानं जमलेली काजळी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा दाबा.

उलटी तक्रारही येते: हॉर्न थांबतच नाही. एका मित्राच्या गाडीचा रात्री दीड वाजता, चाळीच्या तोंडाशी, एकदा दाबला तो सुरूच राहिला. चावी काढली तरी चालू, कारण ३० नंबर थेट बॅटरीवर. स्वस्त रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटले होते. रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं एक टपली मारली की पॉइंट सुटतात. तरी तो रिले फेकून द्या. तुमचा हॉर्नचा फ्यूज सीट उघडल्याबरोबर हाताला लागेल अशा जागी असावा, तो या रात्रीसाठी.

कॉम्प्रेसरवाल्या एअर हॉर्नबद्दल विचारू नका. दुचाकीच्या बॅटरीवर पंधरा-वीस अँपिअरचा कॉम्प्रेसर, तो पाणी ओढतो, नळी लांब असेल तर बटण दाबल्यावर जरा वेळानं वाजतो. वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११९ नं बंदच आहेत.

आणि शहरात एवढा आवाज लागतो कशाला? दोन सारखे हॉर्न लावले तरी एकापेक्षा ३ डेसिबलच वाढतात, आणि अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात. जोडीचा खरा फायदा दोन सुरांचा: एक ४०० हर्ट्झच्या आसपास, दुसरा ५०० च्या, त्यामुळे काच लावून बसलेल्या कंटेनरवाल्याच्या कानात तो इंजिनाच्या घरघरीतून वेगळा ऐकू येतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवरही बंदी, म्हणजे मुंबईतून बाहेर पडताना आपण जुन्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेतच असतो. तिथे हवा. सायनच्या सिग्नलला नको. २०२० च्या सुरुवातीला मुंबई वाहतूक पोलिसांनी असा सिग्नल दाखवला होता की आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून. मला तो फार आवडला होता. विनाकारण हॉर्न मारला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा सापडलात तर २,००० रुपये.

म्हणून मी मूळ हॉर्न काढलेलाच नाही. तो त्याच्या दोन वायरींवर तसाच आहे, रिलेची कॉइल त्याला समांतर जोडली आहे आणि कॉइलच्या एका वायरीत हँडलजवळ छोटा वॉटरप्रूफ स्विच टाकला आहे. वाशीचा पूल ओलांडला की स्विच चालू. परत येताना तिथेच बंद. मोठा हॉर्न कुठे मेलाच तर धाकटा आहेच.

हे लिहिता लिहिता ग्रुपातल्या एकाचा पेणहून फोन आला. "दादा, टक् होतं पण वाजत नाही." त्याला ३० नंबर पिन बघायला सांगितली. दहा मिनिटांनी फोटो आला: फ्यूज होल्डरच्या झाकणात चमचाभर पाणी आणि फ्यूजच्या पायाला हिरवं कीट. होल्डर पुसून, उलटा टांगून, नवा फ्यूज टाकून तो पुढे निघालाय.